तिसऱ्या भागातलं पिल्लू

१

सत्तारचं दुकान ओतूरच्या एसटी स्टँडसमोर होतं, पण दुकानात तो क्वचितच सापडायचा. २००५ साल होतं. आसपासच्या दूध केंद्रांनी दोन-तीन वर्षांत कॉम्प्युटर घेतले होते, आणि कॉम्प्युटरला दूध केंद्राइतकी वाईट जागा दुसरी नाही. फरशी कायम ओली, हवेत आंबूस वाफ, वर माश्या आणि मुंग्या. महिन्यातून एकदा सत्तार मोटारसायकलच्या हँडलला ब्लोअरची पिशवी अडकवायचा आणि एकेका केंद्रावर जाऊन मशीनचा डबा उघडून साफ करायचा. आत पालीची अंडी निघत, कुरतडलेल्या वायरी निघत. एकदा तर डोळेही न उघडलेली उंदराची पिल्लं पंख्याखाली एकमेकांना चिकटून पडलेली निघाली होती. त्या दिवशी सत्तार जेवला नाही. इतके दिवस हे काम करूनही त्याची किळस गेली नव्हती. ती चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही, एवढंच तो शिकला होता.

एक हौशीरामचं केंद्र तेवढं त्याला आवडायचं. राजुरीच्या पुढं एका मळ्यात, ऊस आणि कांद्याच्या वावरांमध्ये दोन खोल्या. पुढच्या खोलीला शटर, तिथं काटा, फॅट मशीन आणि कॉम्प्युटर. मागच्या खोलीत मोरी, कॅन धुवायला. हौशीराम पंचावन्नचा, बुटका, पांढऱ्या बंडीवर डाग पडू न देणारा माणूस. सकाळ-संध्याकाळ दूध घेऊन झालं की सोड्याच्या पाण्यानं फरशी स्वतः घासायचा. दुधात एक केस दिसला तरी कॅन परत पाठवायचा, मग तो सख्ख्या भावाचा का असेना. नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक कुणी दुधात मिसळून आणला तर त्याला वासानंच कळायचं. "ह्ये वासराचं हाय," म्हणायचा, "माणसाचं न्हाई. घेऊन जावा."

सत्तारनं डबा उघडला की आत नुसती धूळ निघायची, कोरडी आणि स्वच्छ.

गेम त्याला सत्तारनंच दिला होता. दुपारच्या वेळी हौशीरामला काही काम नसायचं, झोपायची सवय नव्हती, म्हणून दोन वर्षांपूर्वी सत्तारनं एक सीडी टाकून दिली. टेकड्यांचा मुलूख, त्यात बोटाच्या पेराएवढे हिरवे शिपाई. त्यांना कामाला लावायचं, फळं गोळा करायची, पूल बांधायचे. मुलखात मोठमोठी जनावरं झोपलेली असत. ती जागी झाली की शिपायांना खात. नीट फळी लावून, कुठून घुसायचं ते ठरवून त्यांना मारायचं. सत्तारनं स्वतः तो गेम दोनदा संपवला होता. हौशीराम मात्र तो शेती करावी तसा खेळायचा. सबुरीनं, एक शिपाई वाया न घालवता.

त्या जनावरांची पिल्लंही असत. बिळाच्या तोंडाशी झोपलेली, पांढरट, मागचा भाग नुसता मऊ आणि वळ्या पडलेला. डोळे फुटलेले नाहीत, कातडीखाली दोन काळे ठिपके तेवढे. तोंड मात्र चेहऱ्यापेक्षा मोठं. एखादा शिपाई चुकून जवळ गेला तर पिल्लू त्याला चोखून आत ओढायचं, आणि तो हिरवा ठिपका त्याच्या अर्धपारदर्शक पोटातून मागं मागं सरकताना दिसायचा. त्याला मारून काहीच मिळत नसे. एका फटक्यात फुटायचं आणि जमिनीवर ओला डाग राहायचा.

"हुमणी हाय ही," हौशीराम पहिल्यांदा पाहून म्हणाला होता आणि खुर्ची मागं सरकवली होती. उसाच्या मुळाशी निघणारी ती पांढरी लठ्ठ अळी त्याला आयुष्यभर सहन झाली नव्हती. नांगरताना दिसली की तो ती हातानं उचलायचा नाही, काडीनं ढकलायचा. "आधी हीच मारायची. मोठी जनावरं मागनं बघू."

२

जानेवारीत सत्तारनं त्याला गेमचा दुसरा भाग टाकून दिला. फेब्रुवारीत तो साफसफाईला गेला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, आणि हौशीराम खेळत होता.

"जमतोय का दुसरा?"

"जमतोय की."

सत्तार मागं उभा राहून बघू लागला. मुलूख नवा होता, शिपायांचे रंग वाढले होते. डाव्या कोपऱ्यात बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी एक पिल्लू होतं. हौशीरामचे शिपाई त्याच्या बाजूनं ये-जा करत होते. त्यानं पिल्लाला हात लावला नव्हता.

"ही हुमणी जिवंत कशी ठेवली?"

"असू द्या," हौशीराम म्हणाला. "लहान हाय अजून."

मग सत्तारला दोन गोष्टी दिसल्या. पिल्लाच्या डाव्या कुशीला एक आडवी खूण होती, जखम भरून आल्यासारखी. आणि ते झोपलेलं नव्हतं. या गेममधली पिल्लं कायम झोपलेली असतात, शिपाई जवळ गेल्यावरच तोंड उघडतात. हे तोंड वर करून बसलं होतं. शिपायांकडं त्याचं लक्षही नव्हतं. ते काचेच्या दिशेनं बघत होतं, जिथं हौशीराम बसला होता तिकडं. बघत होतं म्हणावं तर त्याला डोळे नव्हते.

"ती खूण कशाची?"

"माझ्याच हातची हाय. पहिल्या भागात एकदा फटका नीट बसला न्हवता. निसटून बिळात गेलं व्हतं."

सत्तार हसला. "हौशीरामभाऊ, पहिल्या भागातलं दुसऱ्यात येत न्हाई. दोन येगळ्या सीड्या हायेत."

"मलाबी तसंच वाटलं व्हतं," हौशीराम म्हणाला. तो हसत नव्हता.

दुकानात परतल्यावर सत्तारनं आपल्या मशीनवर दुसरा भाग लावला आणि तोच मुलूख काढला. बिळाच्या तोंडाशी पिल्लू झोपलेलं होतं. डावी कूस गुळगुळीत. त्यानं ते मारलं, फुटलं, डाग राहिला. चोरून छापलेल्या सीड्या, त्यानं स्वतःला समजावलं, एकेका सीडीत एकेक चूक असते. चित्राची एखादी ओळ खराब झाली असेल. हे पटण्यासारखं होतं आणि त्याला ते पटलं. तरी त्या रात्री जेवताना साय आलेलं दूध त्यानं बाजूला सारलं, आणि का सारलं हे बायकोनं, नसीमनं विचारलं तेव्हा त्याला सांगता आलं नाही.

३

मार्चमध्ये भारनियमन वाढलं. मळ्यात दुपारी दोन ते पाच लाईट नसायची. सत्तार पोचला तेव्हा पावणेदोन झाले होते, आणि शटरमधून आत पाऊल टाकताच त्याला वास आला. दूध नासल्याचा नव्हे. गोडसर, जड, कोमट वास, गोठ्यात गाय नुकती व्यालेली असते तेव्हाचा.

काट्याशेजारी झाकलेली बादली होती. झाकणाच्या कडेला पिवळं, चिकट ओघळून सुकलं होतं.

"चीक?" सत्तार म्हणाला. "तुमी घ्यायला लागले?"

"खरवसाला," हौशीराम म्हणाला. त्याच्या बंडीवर छातीपाशी पिवळा डाग होता. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला फडकं गुंडाळलेलं होतं, आणि ते फडकं ओलं होतं.

गेम चालू होता. सत्तारनं पडद्याकडं पाहायचं टाळलं, पण आवाज येतच होता. पिल्लू शिपाई गिळताना जो चोखल्याचा आवाज करतं तो. चुळूक, चुळूक, मध्ये थांबून पुन्हा. गेममध्ये तो आवाज एकदाच येतो. इथं तो थांबत नव्हता.

दोन वाजता लाईट गेली. यूपीएसची बॅटरी खराब झाली होती, ती बदलायलाच सत्तार आला होता. त्यामुळं मशीन त्याच क्षणी बंद पडलं. पडदा काळा झाला, पंखा थांबला.

चुळूक, चुळूक.

सत्तार वाकलेला होता, तसाच राहिला. स्पीकरमध्ये करंट साठून राहतो, दोन-चार सेकंद आवाज येऊ शकतो. त्यानं मनात दहापर्यंत आकडे म्हटले. आवाज स्पीकरमधून येत नव्हता. तो डब्यामधूनही येत नव्हता. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"कॅनमधनं पाणी ठिबकतंय," हौशीराम म्हणाला. तो उठला, झाकलेली बादली उचलली, मागच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आवाज बंद झाला.

सत्तारनं बॅटरी बदलली. मग नेहमीप्रमाणं डबा उघडला. आत धूळ नव्हती. पंख्यावर, वायरींवर, तळाच्या पत्र्यावर पातळ पांढरट पापुद्रा पसरला होता, दुधावर साय धरावी तसा. चिमटीत धरून ओढला तर तो अखंड निघून आला आणि त्याच्या बोटांना कोमट लागला. त्याला वळ्या होत्या. एका बाजूला आडवी घडी होती. सापाची कात सत्तारनं पाहिली होती. ती कोरडी असते.

तो बाहेर गेला, पाण्याच्या हौदावर सोडा घेऊन हात चोळत राहिला, कातडी लाल होईपर्यंत. हौशीराम त्याच्यामागं येऊन उभा राहिला. आता त्याच्या बोटावरचं फडकं सुटलं होतं. बोटाचं टोक पांढरं, मऊ आणि निमुळतं झालं होतं, दिवसभर पाण्यात बुडवून ठेवल्यासारखं. नख नव्हतं.

"मशीनमध्ये सापडलं का तुमचं बोट?" सत्तारनं विचारलं.

"न्हाई, न्हाई. दात न्हाईत त्याला," हौशीराम समजूत घालावी तसा म्हणाला. "नुसतं चोखतंय."

मग त्यानं खिशात हात घातला आणि म्हणाला, "तिसरा भाग निघालाय म्हणं. तेवढा बघा की पुण्याला मिळतोय का."

४

"ये बास कायकी है?" घरी आल्यावर नसीमनं दारातच विचारलं. त्यानं अंघोळ केली तरी ती म्हणाली, वास येतोय. ब्लोअरची रिकामी पिशवी तिनं दोन काठ्यांच्या टोकांनी धरून अंगणात नेली आणि आत हात न घालताच पाण्याखाली धरली.

पुढचे पंधरा दिवस सत्तार त्या बाजूला गेला नाही. काम होतं, असं तो स्वतःला सांगत होता. मग एक दिवस प्रयागबाई दुकानात आली. हौशीरामची बायको. सत्तारनं तिला एक-दोनदाच पाहिलं होतं. ती एसटीनं एकटीच आली होती, आणि स्टुलावर बस म्हटलं तरी बसली नाही.

"भाऊ, तुमी त्यो खेळ घातलाय ना त्यात?"

"हो, मावशी."

"काढून टाका."

सत्तारनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"घरी येत न्हाईत ते," प्रयागबाई म्हणाली. "जेवान घेऊन गेले तर शटरातनंच घेत्यात. आन चीक गोळा करत्यात, सगळ्या मळ्यांतनं. कुणाची गाय याली की ह्यांचा माणूस न्हाई, हे सोता बादली घेऊन हजर. वासराला थेंब ठेवत न्हाईत. गेणभाऊचं वासरू परवा मेलं. लोकं बोलायला लागलीत." पदराचं टोक तिनं नाकाला लावलं होतं, ते काढलं नाही. "मी एकदा आत गेले व्हते. मागल्या खोलीत."

"काय व्हतं?"

प्रयागबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "त्यांनी गोधडी पांघरली व्हती त्याच्यावर," ती म्हणाली. "आमच्या पोरीची. मंचरला दिली ना ती, तिच्या बाळपणीची. जपून ठेवलेली मी." तिचा आवाज पहिल्यांदाच बिघडला. "ओली केली सगळी."

"कशावर पांघरली व्हती, मावशी?"

"तेवढं काढून टाका, भाऊ," ती म्हणाली आणि एसटी पकडायला निघून गेली.

५

गेम काढायला पाच मिनिटं लागतात. सत्तार दुसऱ्या दिवशी सव्वाएकला मळ्यात पोचला. ऊन मी म्हणत होतं, वावरांत माणूस नव्हतं. पिशवीत तिसऱ्या भागाची सीडी होती. दोन दिवसांपूर्वी पुण्याहून इतर मालाबरोबर ती आली होती, आणि त्यानं ती पिशवीतून बाहेर काढून ठेवली नव्हती. का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

शटर अर्धं वर होतं. आत खुर्ची रिकामी. फरशीवर पिवळे, अर्धवट वाळलेले पट्टे होते, मागच्या खोलीपासून मशीनपर्यंत आणि मशीनपासून परत. माश्या त्यावर बसल्या नव्हत्या. हे सत्तारच्या उगीचच लक्षात आलं. एवढ्या गोड वासावर एकही माशी नव्हती.

गेम चालू होता. बीळ रिकामं होतं. बिळाभोवती सगळे शिपाई गोल करून उभे होते, तोंडं आत, आणि कुणी हलत नव्हतं.

मागच्या खोलीचं दार हातभर उघडं होतं. त्या फटीतून त्याला हौशीरामची पाठ दिसली. मांडी घालून बसला होता, बंडी काढलेली, खांदे पुढं झुकलेले. शेजारी बादली. त्याच्या मांडीवरून, दोन्ही बाजूंनी ओघळल्यासारखा, काहीतरी पांढरट भाग फरशीवर टेकला होता. त्याला वळ्या होत्या आणि तो वरखाली होत होता. गोधडीचा एक कोपरा त्याच्यावर होता, पण तो पुरत नव्हता.

"सत्तारभाऊ आले का?" हौशीराम मागं न बघता म्हणाला. आवाज अगदी नेहमीचा होता, फॅट किती लागली ते सांगावं तसा. "आणला का तिसरा?"

सत्तारनं एक पाऊल मागं घेतलं.

"इथं त्याला जागा पुरंना आता. अंग वाळतंय त्याचं भायेर. तिसरा भाग लई मोठा हाय म्हणत्यात."

पळून जायचं, हे सत्तारच्या मनात आलं. त्यानंतर दुसरी गोष्ट आली, आणि ती त्याला शहाणपणाची वाटली. ते आत गेलं तर बाहेर राहणार नाही. आत ते चित्र असेल. चित्र बंद करता येतं.

तो खुर्चीवर बसला, दाराकडं पाठ करून. सीडी आत सरकवली. दोनदा चुकीच्या जागी दाबलं गेलं. मग निळी पट्टी आली आणि भरू लागली. दहा टक्के. बारा.

मागं दार सरकलं.

काहीतरी ओलं, वजनदार फरशीवरून ओढत येऊ लागलं. थोडं यायचं, थांबायचं, मग पुन्हा. हौशीराम त्याच्याबरोबर चालत होता. "हं, हं," म्हणत होता, "आलंच. आलंच." चाळीस टक्के. सत्तार आकड्याकडं बघत राहिला. त्या आकड्याखेरीज जगात काही नाही, असं तो बघत राहिला. वास इतका दाट झाला की तो जिभेवर लागत होता. छप्पन्न.

सत्तर टक्क्यांना त्याच्या उजव्या पायाला काहीतरी टेकलं. कोमट. मऊ. ते पोटरीवरून खाली सरकलं, घोट्यापाशी थांबलं, आणि चोखू लागलं. जोर नव्हता. दात नव्हते. पायमोज्यातून ओल आत आली, आणि घोट्याचं कातडं हळूच ओढलं गेलं, सुटलं, ओढलं गेलं. त्याला पाय मागं घ्यायचा होता, पण पाय हलला नाही.

"पाव्हणं हायेत ते," हौशीराम हलकेच म्हणाला. "त्यांना न्हाई."

पट्टी भरली. गेम सुरू व्हायच्या आधी पडदा पूर्ण काळा होतो, दोन सेकंद. त्या काळ्या काचेत सत्तारला स्वतःचा चेहरा दिसला, खांद्यामागं हौशीराम दिसला, आणि टेबलाच्या कडेवर वर येत असलेलं एक तोंड दिसलं. नुसतं तोंड. गोल, ओलं, चेहरा नसलेलं, पुढच्या खोलीतला सगळा उजेड आत घेणारं. कातडीखाली दोन ठिपके होते, आणि त्यातला एक आता उघडू लागला होता.

मग पडदा उजळला. टेकड्या आल्या, झाडं आली, वाजंत्री वाजली. घोट्याला काही लागत नव्हतं.

बिळाच्या तोंडाशी, डाव्या कोपऱ्यात, नखाएवढं पांढरट काहीतरी गुंडाळून पडलं होतं. डाव्या कुशीला आडवी खूण.

६

"गेलं," हौशीराम म्हणाला. त्यानं डोळे पुसले. "पुसून घेतो मागनं. आता जरा पडतो, भाऊ. तीन महिने डोळ्याला डोळा न्हाई." काट्याशेजारी पोती होती, त्यावर तो आडवा झाला आणि बघता बघता घोरायला लागला. झोपेत त्याचे हात पोटावर होते. दोन्ही हातांची बोटं नखांशिवाय, पांढरी, टोकाला निमुळती.

सत्तारनं बंद करण्यासाठी हात पुढं केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. एक वाजून छप्पन्न मिनिटं.

मागच्या खेपेला लाईट गेली होती तेव्हा ते मागच्या खोलीत होतं. आता ते मशीनमध्ये होतं, आणि मशीन त्यानं बंद केलं किंवा लाईटनं केलं, बंदच होणार होतं. बंद झाल्यावर ते कुठं जातं? एखाद्या खराब पार्टचा करावा तसा तो याचा विचार करत होता, आणि त्याला त्याचं उत्तर माहीत होतं.

पडद्यावर पिल्लानं तोंड वळवलं. त्याच्याकडं नाही. पोत्यांकडं.

लाईट गेली. यूपीएस ओरडायला लागलं. नवी बॅटरी, पंधरा मिनिटं धरली असती. पण पाचव्याच मिनिटाला त्याची शिट्टी भराभर वाजायला लागली, जणू आतून कुणी करंट ओढत होतं.

"हौशीरामभाऊ," सत्तारनं हाक मारली. खांदा धरून हलवलं. "भाऊ, उठा. भायेर चला." हौशीराम झोपेत हसला. सत्तारनं त्याला काखेत हात घालून ओढलं. बुटका माणूस, पण झोपेनं जड झालेला. दोन फरश्या सरकला. मग यूपीएसची शिट्टी सलग झाली, आणि सत्तारच्या हातातून तो सुटला. सुटला की सोडला, हे सत्तारला नंतर कधीच नक्की सांगता आलं नाही.

तो बाहेर आला आणि शटर खाली ओढलं. तेवढं पुरलं असतं. पण कडीत किल्लीसकट कुलूप लटकत होतं, आणि त्याच्या हातानं ते दाबून लावलं.

आत शिट्टी थांबली.

सत्तार पत्र्याला हात लावून उभा होता. उन्हानं पत्रा तापला होता, तरी त्यानं हात काढला नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग ओढत जाण्याचा आवाज आला, या वेळी त्याला लांबून यावं लागलं नाही. हौशीराम ओरडला नाही. एकदाच त्याचा आवाज आला, झोपेतल्या माणसाचा, लाडीगोडीचा.

"थांब, थांब. देतो."

त्यानंतर चोखण्याचा. तो फार वेळ चालला.

७

पावणेपाचला कॅन बांधलेली पहिली सायकल लांबून दिसली, तेव्हा सत्तारनं कुलूप काढलं. हे त्यानं का केलं, ते त्याला पुरतं माहीत होतं. कुलूप बाहेरून होतं असं कुणाला दिसायला नको होतं.

शटर वर गेलं. आत कुणी नव्हतं. मागच्या खोलीला बाहेर जायला दार नव्हतं, वर एक जाळीची खिडकी तेवढी. पोती होती. बादली रिकामी होती. फरशी कोरडी होती, पिवळे पट्टे नव्हते, पोत्यांपासून मशीनपर्यंत ती चाटून पुसून काढल्यासारखी चकाकत होती.

लोक जमले. गेणभाऊ आला, कॅन खाली ठेवून म्हणाला, "चला, साफसफाई तरी झाली. कुठं गेले शेठ?"

"भायेर गेले असतील," सत्तार म्हणाला.

प्रयागबाई चहाची किटली घेऊन आली होती. ती मागच्या खोलीत जाऊन आली. गोधडी तिच्या हातात होती, धुतल्यासारखी स्वच्छ आणि कोरडी. तिनं सत्तारकडं पाहिलं. "काढला का त्यो?" तिनं विचारलं.

सत्तारनं मान हलवली. हो की नाही, ते तिलाही कळलं नसावं.

"ह्ये कुठं गेले?"

पाचला लाईट आली. छताचा पंखा फिरायला लागला. रांग शटरच्या बाहेर गेली होती, उन्हात कॅन तापत होते.

"सत्तारभाऊ," गेणभाऊ म्हणाला, "तुमाला येतंय ना हे सगळं? तेवढं मशीन लावा. दूध नासंल, राव. शेठ येतील तवर."

सगळे त्याच्याकडं बघत होते. नाही म्हणायला त्याच्याकडं एकही कारण नव्हतं, सांगता येईल असं. तो खुर्चीवर बसला. खुर्ची कोमट होती. डब्याचं बटण त्यानं बोटाच्या टोकानं दाबलं आणि बोट लगेच मागं घेतलं.

हिरवा दिवा लागला. पंख्याचा आवाज आला नाही. डब्याच्या आतून, रांगेतल्या पुढच्या दोन-तीन माणसांना ऐकू जाईल इतका बारीक, ढेकर दिल्याचा आवाज आला, तान्ह्या पोराला पाजून खांद्यावर घेतल्यावर येतो तसा.

गेणभाऊनं कॅन काट्यावर ठेवला. प्रयागबाईनं मान वळवून मशीनकडं पाहिलं.